शिनोलीतला हेलियमचा स्फटिक

मंचरच्या पेठेत आमचं कापडाचं दुकान होतं. गादीवर बसलेल्या माझ्या वडिलांना, म्हणजे बाबूजींना, एखादं गिऱ्हाईक कापड मोजून होईपर्यंत विचारायचं, "शेठ, तुमची पोरगी शिनोलीला कशात हाये?" आमचं घराणं मूळचं मारवाडातलं, पण मंचरात तीन पिढ्या गेलेल्या. बाबूजी बोलण्यात कुणाला हार जाणारे नव्हते. या प्रश्नाला मात्र ते कात्री थांबवून म्हणत, "थंडी तयार करतात तिथं." यावर पुढे काय विचारावं हे गिऱ्हाईकाला सुचत नसे.

बाबूजींचं उत्तर चुकीचं नव्हतं. घोडेगावहून भीमाशंकरकडे जाणाऱ्या रस्त्याला, शिनोलीच्या जरा पुढे, डोंगराच्या पायथ्याशी आमची एक छोटी प्रयोगशाळा होती. नोकरीतली बहुतेक सगळी वर्षं मी तिथेच काढली. गावात तिला थंडीची कंपनी म्हणत. एकदा नारायणगावच्या बाजारातले एक टोमॅटोचे व्यापारी चौकशीला आले. बाजार पडलेला होता आणि माल आठवडाभर ठेवायला त्यांना जागा हवी होती. तुमच्याकडे किती क्रेट बसतील, असं त्यांनी विचारलं. मी त्यांना आत नेलं, माणसाच्या उंचीचं यंत्र दाखवलं आणि म्हटलं, यातली खरी थंड जागा शर्टाच्या बटणाएवढी आहे. त्यांनी यंत्राकडे पाहिलं, पंपांच्या रांगेकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. चहा घेऊन निघताना ते फार हळुवारपणे म्हणाले, "ताई, सरकारला म्हायती हाये ना हे?"

त्या बटणाएवढ्या जागेत आम्ही हेलियम गोठवत होतो. जत्रेतल्या फुग्यात भरतात तोच हा वायू. जगातली कुठलीही वस्तू पुरेशी थंड केली की गोठते, हेलियम गोठत नाही. उणे दोनशे त्र्याहत्तर अंशांवर थंडीच संपते, त्याच्या खाली काही नाही. तिथपर्यंत नेला तरी तो द्रवच राहतो. त्याला थंडही करावं लागतं आणि हवेच्या दाबाच्या पंचवीसपटीहून जास्त दाबावंही लागतं. मग कुठे त्याचा बर्फ होतो, म्हणजे स्फटिक. आणि हा स्फटिक फार वेगळ्या वागणुकीचा असावा, असं कागदावरचं गणित कैक वर्षं सांगत होतं. तो एकाच वेळी घट्टही असेल आणि त्याचा काही भाग कसलाही अडथळा न होता वाहतही असेल. दगडातून दगडच वाहावा, तसं. हे खरं आहे का, हे शोधणं हा आमचा धंदा.

ते ओळखायचं कसं, हे आमचे सर उकडलेल्या आणि कच्च्या अंड्याचं उदाहरण देऊन सांगत. आमच्या घरात अंडं येत नाही, त्यामुळे मी बादलीचं देते. दोरीला टांगलेली भरली बादली पीळ देऊन सोडली तर ती गरगर फिरते, पण आतलं पाणी लगेच तिच्याबरोबर फिरत नाही. तेच पाणी गोठलेलं असेल तर ते बादलीला धरून फिरेल, बादली जड होईल आणि हळू फिरेल. आम्ही एका बारीक दांडीला धातूची डबी टांगली होती. डबीत हेलियमचा स्फटिक. डबी सतत इकडून तिकडे पीळ खात राहायची. थंडी वाढवत नेली आणि स्फटिकाचा थोडा भाग डबीबरोबर फिरायचा थांबला, तर डबी हलकी होईल आणि एक झोका किंचित लवकर पुरा करील. हे किंचित इतकं किंचित, की रस्त्याने एसटी गेली तरी आमच्या आलेखाला कंप सुटे. शिवरात्रीला आणि श्रावणात भीमाशंकरच्या गाड्या सुरू झाल्या की आम्ही मोजणी बंद ठेवायचो.

आमचे सर म्हणजे थोरात सर. मूळचे जुन्नर तालुक्यातल्या पिंपळवंडीचे, शेतकऱ्याच्या घरातले. परदेशात शिकून, तिथे नाव काढून परत आले आणि शांत जमिनीच्या शोधात त्यांनी हा डोंगराचा पायथा निवडला. प्रयोगशाळेत ते पुस्तकी मराठी बोलत, गाववाल्यांशी गावची. आम्हाला मात्र एक खूण कळली होती. आमच्याशी बोलताना त्यांची भाषा गावाकडे वळली, की समजायचं, सर आतून हललेत.

नव्वदच्या दशकात आम्ही शोधलं आणि काही सापडलं नाही. जगातही कुणाला सापडलं नव्हतं. मग दोन हजारच्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेतून बातमी आली की तिथे डबी हलकी झाल्याचं दिसलंय. सगळ्या जगातल्या आमच्यासारख्या लोकांनी आपापल्या डब्या काढल्या. आम्हीही नवी डबी घडवली, टांगली, आणि पुढच्या हिवाळ्यात आमच्याही आलेखाची रेघ खाली उतरली. झोका लवकर पुरा होत होता.

लोकांना वाटतं, असं काही दिसलं की माणूस नाचत असेल. माझी भूक गेली. सूर्यास्तानंतर न जेवण्याचा आमच्या घरचा नेम, म्हणून आई दुपारच्या एसटीने संध्याकाळचा डबा पाठवायची. तो तसाच परत जाऊ लागला. जे दिसावं म्हणून आपण इतकी वर्षं डोळे लावून बसलो, ते दिसलं की पहिला संशय स्वतःच्या डोळ्यांचा येतो. दांडीत काही बदलतंय का? नळीत काही अडकलंय का? मी एकेक शक्यता तपासायची, खोडायची आणि बसमध्ये बसल्यावर पुन्हा तीच तपासायची. सर निवृत्तीला आले होते. दक्षिणेतल्या एका शहरात भरणाऱ्या परिषदेत त्यांचं व्याख्यान ठरलं, व्याख्यानाचं नावही छापून आलं. त्यात 'शोध' हा शब्द होता.

त्यातच शेजारच्या रानात विहिरीचं काम निघालं.

रान सोपानभाऊंचं. पन्नाशीचे, शिडशिडीत गृहस्थ, मोजकं बोलणारे. त्यांच्या जुन्या विहिरीला पाणी कमी पडत होतं, म्हणून त्यांनी वरच्या अंगाला नवी खणायला घेतली होती. थोडी माती गेली की आमच्याकडे काळा खडक लागतो, तो सुरुंगाशिवाय फुटत नाही. मी त्यांच्याकडे गेले तेव्हा मनातून घाबरलेली होते. त्यांच्या पाण्याच्या आड येणारी मी कोण? मी अडखळत सांगितलं की आमचं यंत्र फार नाजूक आहे.

"म्हंजी तुमची मशीन सुरुंगाला भेती?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या ट्रॅक्टरलाही भिते," मी म्हटलं.

ते हसले. मग आमचं ठरलं. सुरुंग उडवायचा असेल त्याच्या आदल्या दिवशी ते सांगावा धाडतील, आणि त्या दुपारी आम्ही मोजणी थांबवू. हा शब्द त्यांनी शेवटपर्यंत पाळला, हे मुद्दाम लिहिते.

त्या दिवशीही सांगावा आलेला होता. आम्ही मोजणी थांबवून चहा घेत बसलो होतो. सुरुंगाचा आवाज झाला, जमीन हलली, आणि पाठोपाठ दिवे गेले. फुटलेल्या खडकाचा एक धोंडा कधी नव्हे इतका लांब उडाला होता आणि खांबावरची तार तोडून गेला होता. भारनियमनाचे ते दिवस, त्यामुळे दिवे जाण्याची सवय होती. मी जनरेटर सुरू केला. तो थोडा वेळ चालला, खोकला आणि बंद पडला. डिझेलच्या नळीत कचरा अडकला होता.

आमच्या यंत्रात थंडी साठवून ठेवता येत नाही, ती सतत करत राहावी लागते. पंप थांबले की ऊन आत शिरतं म्हणा ना. सर नळी उघडून बसले, हात कोपरापर्यंत तेलाने माखलेले. मी तपमानाच्या काट्यासमोर उभी. काटा चढत होता. एका मर्यादेपुढे तो गेला असता तर स्फटिक वितळला असता आणि त्या हिवाळ्याचं सगळं काम पाण्यात गेलं असतं. मी सरांना आकडा ओरडून सांगत होते आणि ते नळी फुंकत होते. स्फटिक वितळण्याच्या अगदी उंबरठ्यावर पोहोचला आणि तिथेच घुटमळत राहिला. जनरेटर पुन्हा लागला तो बऱ्याच वेळाने. वायरमन घोडेगावहून येऊन तार जोडेपर्यंत उन्हं कलली होती.

या सगळ्या वेळात सोपानभाऊ फाटकाशी उभे होते. आत या म्हटलं तरी येईनात. शेवटी मी बाहेर गेले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"ताई, काय मोडलं ते मला दाखवा," ते म्हणाले.

मी त्यांना काय दाखवणार? काहीच मोडलं नाही, असं मी सांगितलं. त्यांना ते पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही खात्री नव्हती. तुम्ही काम सुरू ठेवा, असंही म्हटलं. पण त्यांनी सुरुंगवाल्यांना थांबवलं. तुमच्या मशीनचं कळल्याबगर मी हात लावणार न्हाई, म्हणाले आणि निघून गेले. आता माझ्या जिवाला दोन घोर लागले, एक स्फटिकाचा आणि एक त्यांच्या विहिरीचा. सुरुंगवाल्यांची टोळी एकदा दुसऱ्या गावाला गेली तर पुन्हा कधी येईल याचा नेम नव्हता.

यंत्र पुन्हा सावकाश थंड केलं. स्फटिक शाबूत होता. डबी झोके घेत होती. आम्ही मोजणी सुरू केली, आणि रेघ खाली उतरायची त्या ठिकाणी ती जेमतेम पावपट उतरली.

धक्क्याने काहीतरी सैल झालंय, असं सर म्हणाले. ही मोजणी बाजूला ठेवू, नवा स्फटिक करू. मी जोडण्या तपासल्या, तारा तपासल्या, रिकाम्या डबीच्या जुन्या नोंदींशी ताडून पाहिलं. सैल काही नव्हतं. बदलला होता तो फक्त स्फटिक.

हे समजायला गुऱ्हाळ आणि खडीसाखर आठवावी. पाक घाईने थंड केला की त्याचा ओबडधोबड गोळा होतो, आत कण वेडेवाकडे बसतात. तोच सावकाश निवू दिला तर खड्याला धार येते. आम्ही हेलियम घाईने गोठवत होतो, त्यामुळे आमच्या स्फटिकात भेगा आणि वेड्यावाकड्या रांगा भरपूर होत्या. वीज गेल्यावर तो ऊब खात बसला आणि त्या रांगा आपोआप सरळ झाल्या. स्फटिक सुधारला आणि खूण पुसली गेली. म्हणजे आम्हाला दिसत होतं ते घन हेलियमचं मूळ वागणं नसावंच, ते बिघडलेल्या स्फटिकाचं काहीतरी असावं.

ही नुसती शंका होती. ती पडताळायला एक वाट होती. मुद्दाम वाईट स्फटिक करायचा, मोजायचा, मग त्याला ऊब देऊन सुधारायचा आणि पुन्हा मोजायचा. पण यंत्र थंड ठेवायला लागणारा द्रव हेलियम पुण्याहून यायचा, मोठ्या थर्मासच्या जातीच्या भांड्यातून. परिषदेआधी असं एकच भांडं मिळणार होतं, त्यानंतर पुण्याचं यंत्र दुरुस्तीसाठी बंद राहणार होतं. एका भांड्यात एकच काम होण्यासारखं होतं. एक तर सरांना हवी तशी, चांगली खोल उतरलेली रेघ पुन्हा मिळवायची, नाही तर माझी शंका तपासायची.

मी सरांच्या खोलीत गेले. या माणसाने मला दांडी धरायला शिकवली होती. मी सगळं सांगितलं. ते खिडकीबाहेर बघत ऐकत होते.

"आणि शंका चुकीची निघाली तर?" त्यांनी विचारलं.

"तर तुमची रेघ पक्की होईल, सर."

"आन् खरी निघाली तर?"

तो 'आन्' माझ्या कानाला लागला. ते उठले, खुंटीवरची पिशवी घेतली आणि गावी जाऊन येतो म्हणून निघून गेले.

ते दिवस मी कसे काढले ते सांगता येत नाही. हेलियमचं भांडं आलं. त्यातला द्रव झाकण लावलं तरी थोडाथोडा उडतच असतो, आणि मी त्याच्याजवळ बसून वाट बघत होते. एकटीने काही ठरवायचा मला अधिकार नव्हता. बाबूजींना मी घरी एवढंच म्हटलं की आम्हाला मिळालेला माल कदाचित खोटा आहे आणि शेठ तो विकायला निघालेत. बाबूजी म्हणाले, "मग गिऱ्हाईक येण्याआधी शेठला सांग. नंतर सांगणाऱ्याला कुणी विचारत नाही." मी म्हटलं, सांगितलंय. ते म्हणाले, मग आता तुझ्या हातात काही नाही, जेव.

सर परत आले ते सकाळच्या गाडीने. पिशवी खाली ठेवायच्या आधीच बोलायला लागले.

"थोरल्या भावानं इचारलं मला, गावलं का रं? मला व्हय म्हणता येईना," ते म्हणाले. मग नेहमीच्या भाषेत म्हणाले, "चल. आधी वाईट स्फटिक करू."

मी त्याआधी सोपानभाऊंकडे धावत गेले. मशीन नीट आहे, तुमच्या धोंड्याने बिघडलं तर काही नाहीच, उलट आमची एक चूक दाखवली असावी, असं सांगितलं. आमचं काम होईपर्यंतच थांबा, मग खुशाल उडवा. ते म्हणाले, "लई इचित्र धंदा हाये राव तुमचा." पण त्यांचा चेहरा सुटला. टोळी अजून शिनोलीतच होती. तिला त्यांनी थांबवून धरलं, आणि आमचं काम उरकल्यावर विहीर पुरी केली. पाणी लागलं, फार नाही, पण उन्हाळा निघेल इतकं.

आम्ही स्फटिक घाईने गोठवला. रेघ खाली उतरली, चांगली खोल. सर शेजारी उभे होते. ती इतकी सुरेख उतरली होती की मलाच मोह झाला, इथेच थांबावं. सरांनी स्वतःच्या हाताने ऊब वाढवली. स्फटिकाला वितळण्याच्या जवळ नेऊन ठेवलं आणि आम्ही बसून राहिलो. मग सावकाश, फार सावकाश थंड केलं. दुपार होती. बाहेर कुणीतरी बैलांना हाका मारत होतं. पडद्यावर एकेक ठिपका उमटत गेला. जिथे उतार लागायचा तिथे रेघ जवळजवळ सपाट गेली.

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा बघितलं. मग ते बाहेर जाऊन फाटकापर्यंत चालत गेले आणि तसेच परत आले. मला म्हणाले, भांड्यात थोडा हेलियम उरलाय, तेवढ्यात आणखी एकदा होईल का बघ. झालं. पुन्हा सपाट.

परिषदेत मी त्यांच्याबरोबर गेले. सभागृह भरलेलं होतं, छापलेल्या नावातल्या त्या शब्दामुळे. सरांनी आधी खोल उतरलेली रेघ दाखवली. पुढच्या रांगेतले लोक सरसावून बसले. मग त्यांनी दुसरी रेघ दाखवली आणि व्याख्यानाच्या नावातला एक शब्द मी मागे घेतो, असं म्हणाले. धोंड्याचीही गोष्ट सांगितली. लोक हसले. मी पुढच्या रांगेतल्या लोकांचे चेहरे बघत होते. प्रश्न फार आले नाहीत. चहाच्या वेळी सरांभोवती गर्दी नव्हती.

आमच्या हातून एक राहून गेलं, याची हळहळ आहे. हे सगळं नीट लिहून छापायला आम्हाला वेळ लागला. सर निवृत्त झाले, हेलियम मिळेना, माझ्यावर प्रयोगशाळेचा सगळा कारभार आला. तोपर्यंत बाहेरच्या लोकांनी आपापल्या प्रयोगशाळांत हेच पाहिलं आणि छापलं. आमचं नाव कुठे आलं नाही. पुढे काही वर्षांत आणखी उलगडा होत गेला. फार थंडीत घन हेलियम आतून ताठ होतो. ताठ झालेल्या स्फटिकाने डबीला घट्ट धरलं की डबीचा झोका लवकर पुरा होतो. डबी हलकी झालीच नव्हती. आम्ही ज्याला वाहणं समजत होतो, ते ताठरणं होतं.

हे कळलं तशी मी पिंपळवंडीला गेले. सरांची तब्येत तेव्हा नाजूक होती. ओट्यावर खुर्ची टाकून बसलेले, अंगात स्वेटर. मी सगळं सांगितलं. त्यांनी दोनदा मध्ये थांबवून बारकावे विचारले, तेही नेमके जिथे विचारायला हवेत तिथेच.

"म्हणजे नव्हतंच," ते शेवटी म्हणाले.

"नव्हतं, सर."

"असं म्हणू नये. आपल्या डबीत नव्हतं, एवढंच आपल्याला माहीत आहे." मग त्यांनी विचारलं, "आता डबीत काय आहे?"

"नवा स्फटिक. हळू वाढवलाय. फार स्वच्छ."

"थंड होतोय?"

"कालपासून."

"मग तू इथं काय करतीस?" ते म्हणाले, आणि आत वळून त्यांनी भावाला विचारलं की घोडेगावकडे जायला गाडी कितीला आहे.